दुसरी हाक आली नाही

मेघा आणि महेंद्र हे नवराबायको डोळखांबच्या रानात पक्ष्यांचे आवाज टेप करत. रानपिंगळा म्हणजे दिवसाढवळ्या ओरडणारं छोटं घुबड, त्याच्यामागे दोघं वेडी झालेली. पिंगळ्याचा टेप केलेला आवाज झाडीत वाजवायचा आणि गप्प बसायचं. जवळपास पिंगळा असला की त्याला राहवत नाही, तो उत्तर देतोच.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात महेंद्र एकटाच ओहोळापलीकडे गेला आणि परतला नाही. पाड्यातल्या माणसांनी रान पिंजून काढलं, चप्पलसुद्धा सापडली नाही. लोक शहाणे, शोधायचे थांबले. मेघा काही थांबली नाही. ती पाड्यावर सकुबाईकडे उतरायची, तिला मावशी म्हणायची. सकुबाईने मेघाला बजावलं होतं.

"रानातून एकच हाक आली तं ओ देऊ नको गो. माणूस असंल तं परत हाक मारील."

मेघाने मान डोलावली, आणि दिवाळीनंतरच्या एका दुपारी नको तेच केलं. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला महेंद्र ठिकाण सांगे आणि विचारी, "मेघा, ऐकतेस ना?" पिंगळ्याऐवजी तिने तेवढंच वाजवलं आणि गप्प बसली. पाखरं थांबली. पाऊस जाऊन महिना झाला होता, तरी ओल्या मातीचा वास आला. मग ओहोळापलीकडून, त्याच्याच आवाजात...

"मेघा..."

ती थांबली. दुसरी हाक आली नाही. तिला रडू कोसळलं, आणि रडता रडता तिने जीव तोडून ओ दिली.

पाड्यावर परतली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. शहापूरच्या डॉक्टरांना घशात काही दिसेना. सकुबाईने तिला लेकीसारखी ठेवून घेतली. बोलशील गो, एक दिस बोलशील, असं रोज म्हणायची.

थंडीतल्या एका संध्याकाळी सकुबाई चुलीकडे तोंड करून नाचणीची भाकरी थापत होती. मेघा मागे उंबऱ्यावर बसलेली. तेवढ्यात अंगणापलीकडच्या झाडीतून हाक आली, एकच.

"मावशी..."

आवाज मेघाचा होता. मेघाचे ओठ मिटलेले होते.

सकुबाईचा हात थांबला. आता काय होणार ते मेघाला कळलं. ती सकुबाईचं तोंड दाबायला धावली, पण नको म्हणून ओरडायला तिच्यापाशी आवाजच नव्हता. सकुबाई हरखून मागे वळली.

"ओ, बाय..."

एवढंच चुलीपाशी ऐकू आलं. पुढे सकुबाईचे ओठ नुसते हलत राहिले, आणि "बोललीस गो..." हे शब्द तिच्याच आवाजात झाडीतून आले.