मंजुरीसाठी एक विनंती

आमच्या ऑफिसात क्लाउड सांभाळायचा ओपन सोर्स प्लॅटफॉर्म आला, कारण तो फुकट होता. भाड्याचे सगळे सर्व्हर एका पडद्यावर दिसणार. ज्याला नवा हवा त्याने विनंती करायची, मी मंजूर करायची. मांडामांड माझ्याकडेच आली. बायको गेल्यापासून मला गुंतवून ठेवावं, असं साहेबांचं मत होतं.

मंजुरी देणं हा माझा जुना धंदा. नियम एकच: कुठलीही विनंती दोन दिवस पडू द्यायची. निम्म्या लोकांची गरज आपोआप ओसरते. बायको इथेच चाचणी विभागात होती. तिच्याही विनंत्या पडून राहायच्या. त्यावर ती हसायची. कुठे निघायचं झालं तरी आधी तीच तयार, मग खाली जाऊन माझी वाट बघत उभी.

सात महिन्यांपूर्वी एका सकाळी ती म्हणाली, छातीत दुखतंय, आज दाखवून येऊ या का? मी दाढी करत होतो. म्हणालो, "दोन दिवसांनी बघू." घरात आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिचं ऑफिसचं खातं मीच बंद केलं. त्या एका कामाला मात्र मी दोन दिवस लावले नाहीत.

मंगळवारी अकराला प्लॅटफॉर्म सुरू झाला. सोबतच्या माहितीत लिहिलं होतं, विनंत्यांची यादी सुरुवातीला रिकामी दिसेल. माझ्याशिवाय कुणाचं खातंही उघडलेलं नव्हतं.

यादीत एक विनंती होती.

शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली. "नमुन्याचा डेटा असेल, उडव की," म्हणत तो वाकला. मग त्याने नाव वाचलं आणि जागेवर जाऊन बसला.

मी सगळं पुसलं. पुन्हा इन्स्टॉल केलं. यादी उघडली.

विनंती करणारी: माझी बायको. कारण: "छातीत दुखतंय. आज दाखवून येऊ या का?"

मी लगेच 'मंजूर' दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पडद्यावर थांबा सांगणारं चाक फिरलं. सर्व्हर तयार झाला. मालक म्हणून माझं नाव लागलं. बंद करायची तारीख मी भरली नव्हती, तरी तिथे होती. गुरुवार. दोन दिवसांनी.

मी सर्व्हरची खिडकी उघडली. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती.

"मी तयार आहे. खाली थांबते. तू ये सावकाश."