बुजवलेल्या कालव्यातली हाक

त्या गिऱ्हाइकाबद्दल मोमीच्या मनात पहिल्यापासूनच शंका होती. तीस वर्षं व्हेनिसच्या कालव्यांतून गोंडोला वल्हवलेला माणूस तो. शहर बघायला आलेले लोक कसे असतात, हे त्याला काय सांगायला हवं? बोटीत पाय टाकायच्या आधी फोटो, बसल्यावर फोटो, पूल आला की आरडाओरडा. हा गृहस्थ मात्र करडा कोट घालून, मफलर नाकापर्यंत ओढून आला आणि म्हणाला, "दिवसभर हिंडवा. अरुंद कालव्यांतून." मोठा कालवा नको, चौक नको, घंटाघर नको. असलं कुणी फिरायला येतं होय?

आता, त्या दिवशी मोमीचंही डोकं ठिकाणावर नव्हतं, तेही खरंच. त्याची लेक निवेस परवाना मिळाल्यावर पहिल्यांदाच एकटी बोट काढणार होती. आईवेगळी पोर, मोमीनं एकट्यानं वाढवलेली. सकाळी धक्क्यावर तितानं, त्याच्या जुन्या जोडीदारानं, टोमणा मारलाच होता.

"मोमी, आम्ही आज घरीच बसू का रे? तुझी लेक सुटणार आहे म्हणे पाण्यात!"

"तुझ्या डबड्याला धडकली तर उपकारच होतील तुझ्यावर. नवी बोट तरी घेशील," मोमी म्हणाला. सगळे हसले. मोमीही हसला, पण निवेसच्या बोटीची दोरी त्यानं दोनदा तपासली.

नोव्हेंबरातलं धुकं दुपार झाली तरी हलेना. पाण्याला कुजक्या शेवाळाचा वास सुटलेला. गिऱ्हाईक पुढे पाठमोरं बसलेलं. नावाडी मागे उभा राहून वल्हवतो, त्याला दिसते ती माणसाची पाठच. मोमीनं रिवाजाप्रमाणे एकेक हवेली दाखवली. गृहस्थाची मान काही हलली नाही. फक्त वळण आलं, मोमीनं हाक दिली, की तो कान टवकारायचा.

"ही हाक कशाला?" त्यानं विचारलं.

"आंधळं वळण आहे, साहेब. बोटीला ना भोंगा ना काही. 'ओए' करायचं. पलीकडून कुणी 'ओए' केलं तर थांबायचं, त्याला आधी वाट द्यायची. उत्तर नाही आलं तर खुशाल निघायचं."

"आणि तुमची मुलगी? तीही पाळते हा नियम?"

मोमीचं वल्हं अडखळलं. "तुम्हाला कुणी सांगितलं मला मुलगी आहे म्हणून?"

"तुम्हीच बोललात की मघाशी."

बोललो होतो? मोमीला आठवेना. त्याला वाटलं, हा नक्की परवाना खात्याचा माणूस. पोरीची चूक काढायला आलाय. धक्क्यावर जळणारे काय थोडे होते! मेल्यांना बाई वल्हं धरते हेच बघवत नाही, असं मनाशी म्हणत त्यानं दात आवळले.

पुढचं वळण ओळखीचं होतं. उजवीकडे कालवा, डावीकडे भाजीवाल्याचं दुकान आणि रस्ता. तिथंही एके काळी कालवा होता. शंभर वर्षांपूर्वी माती टाकून बुजवला. डावीकडून बोट यायचा प्रश्नच नव्हता. तरी सवयीनं मोमीनं हाक दिली.

"ओए!"

"ओए..." उत्तर आलं. डावीकडून. रस्त्याच्या खालून.

"उत्तर आलं," गृहस्थ हळूच म्हणाला. "थांबा. नियम आहे ना?"

मोमी थांबला. कुणीच आलं नाही. पण तो आवाज... तो आवाज त्यानं दहा हजार लोकांत ओळखला असता. त्यानं निवेसला फोन लावला.

"बाबा, कामात आहे ना मी! तू पाठवलेला माणूस आहे बोटीत."

"मी कुणालाच पाठवलेलं नाही."

"अरे, तुझंच नाव सांगितलं त्यानं. करड्या कोटातला. सकाळपासून एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही. विचित्रच आहे जरा."

मोमीनं समोरच्या पाठीकडे पाहिलं. करडा कोट. जराही हलत नव्हता.

"निवेस... तू आहेस कुठे?"

"त्यानंच इकडे वळवायला लावली बोट. असा कालवा आहे हे मला माहीतच नव्हतं, बाबा. अंधार केवढा! वर आभाळच दिसत नाही. आत्ता पुढून कुणी तरी हाक दिली, मी उत्तर दिलं. थांबलेय, पण कुणी येत नाही. आता पुन्हा हाक देते आणि—"

फोन बंद पडला. आणि डावीकडून, दुकानातल्या कोबीच्या ढिगाखालून, आवाज आला. "ओए!"

मोमीनं छाती भरून श्वास घेतला.

"ओरडू नका," गृहस्थ म्हणाला. "मघाची तुमची हाक ऐकून ती एवढी आत आली. आणखी आत ओढायचंय?"

मोमीनं वल्हं घट्ट धरलं. हा खरं बोलत असेल तर? पण खोटं बोलत असेल तर? उत्तर गेलं नाही, तर पोर वाट मोकळी समजून पुढेच येणार! तीस वर्षं ज्या नियमावर जगला, त्यावर विश्वास ठेवायचा की या बिनचेहऱ्याच्या माणसावर?

"ओए! थांब! निवेस, थांब, मागे फिर!" तो इतक्या जोरात ओरडला की भाजीवाला धावत बाहेर आला.

"कोणाला हाका मारतोस रे मोमी? एकटाच तर आहेस!"

बैठक रिकामी होती. माणूस उतरला की गोंडोला डुगडुगतेच. ती जराही हलली नव्हती.

मोमी धक्क्यावर कसा पोहोचला, त्याचं त्यालाच ठाऊक. निवेस पायरीवर बसली होती. अंगावर तिताचा कोट होता, तरी कुडकुडत होती. मोमीनं तिला छातीशी धरलं आणि चारचौघांत ढसाढसा रडला.

"ऐकलं मी तुझं, बाबा. तशीच मागे वल्हवत निघाले. तो माणूस म्हणाला, मला इथेच उतरायचंय... आणि अंधारातच उतरला."

"जाऊ दे. तू बाहेर आलीस ना, बस्स."

"कालव्याच्या तोंडाशी आल्यावर मी हाक दिली, नियमाप्रमाणे." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आतून उत्तर आलं. तुझा आवाज होता, बाबा. मला वाटलं, तूच माझ्या मागे आलायस. म्हणून भिंतीला बोट लावून वाट दिली."

"मग?"

"गेली की बोट बाहेर. पुढे तो मफलरवाला बसलेला, मागे तू... म्हणजे, वल्हं मारायची लकब अगदी तुझीच. मी हाका मारल्या, तर बघितलंही नाही."

"कुठे गेला?"

निवेसनं बोट दाखवलं. "आपल्या घराकडे वळला. मला वाटलं, तू जेवायला चाललायस."