एका हॅरिएटचे दोन हेन्री

“भाचा एकच हवा होता, आले दोन,” कुंपणापलीकडून देवयानी म्हणाली. मास्कमुळे तिचे फक्त डोळेच घाबरलेले दिसत होते.

लॉकडाऊनमधलं, ऑस्ट्रेलियातलं पेंडल हिल. तिची शेजारीण, एकटी राहणारी हॅरिएट, कोविडने हॉस्पिटलात होती. घशात नळी, बोलणं बंद. घराची किल्ली देवयानीकडे. ‘हॅरिएटचा इंग्लंडमधला भाचा हेन्री कुणाला माहीत आहे का?’ असं तिने घराच्या फोटोसकट फेसबुकवर टाकलं आणि दोन हेन्रींचे फोन आले. दोघांनाही आपला इथला माणूस पाठवून किल्ली हवी होती.

“भलत्याला दिली, तर बाई बरी होऊन परत येणार कुठे?” देवयानीने विचारलं.

कुंपणाच्या अलीकडे उभ्या राघवने आत्याकडे पाहिलं. पद्माआत्या पुण्यातली नावाजलेली खासगी डिटेक्टिव्ह. विमानं बंद झाल्यापासून राघवकडे अडकलेली आणि तूर्तास फ्रिजमधलं श्रीखंड कोण संपवतं, एवढ्याच केसवर.

“हॅरिएटचं गाव कुठलं?” आत्याने विचारलं.

“ती सारखी ‘आमचं वूस्कम’ म्हणायची. इंग्लंडमधली चार घरांची वस्ती. इथे तिच्या गेटवर मात्र ‘वुल्व्हर्सकोम’ अशी भलत्याच गावाची पाटी. फोटोतही दिसते ना.”

“पोस्टमध्ये वूस्कम लिहिलं होतंस?”

“छे! स्पेलिंग कुणाला येतंय?”

“मग लाव फोन. दोघांना एकच विचार, आपण नाव न घेता: तुमच्या गावाला नाव कसं पडलं?”

पहिला हेन्री अगदी तयारीचा. “वुल्व्हर्सकोम! वुल्फहेअर हा सॅक्सन सरदार, आणि ‘कोम’ म्हणजे दरी. हजार वर्षांचा इतिहास आहे, मॅडम.”

दुसरा नुसता हसला. “वूस्कम होय? आजी सांगायची, एका म्हातारीने लांडग्याला ‘वूस’ करून हाकललं. लांडगा बहिरा. त्याला ‘कम’ ऐकू आलं. खरंखोटं त्या लांडग्याला ठाऊक.”

“सिंपल आहे,” राघवने निकाल दिला. “दुसरा चोर. त्याला गावाचं नावसुद्धा धड येत नाही.”

“राघव, तू कुठला रे?”

“नगरचा.”

“नकाशात दाखव.”

“अगं, अहमदनगर! पण तसं म्हणतं कोण?” राघव म्हणाला, आणि त्याने कपाळाला हात लावला.

“उजेड पडला म्हणायचा,” आत्या म्हणाली. “दोन गावं नाहीतच. लिहायला वुल्व्हर्सकोम, बोलायला वूस्कम. पहिल्याने फोटोतली पाटी वाचून इतिहास पाठ केला. पण उच्चार काही फोटोत उमटत नाही. वूस्कम फक्त तिथे वाढलेल्यालाच ठाऊक. शिवाय आपल्या गावाच्या नावाची गोष्ट माणूस आजीकडून ऐकतो, आणि ती हमखास खोटी असते. सॅक्सन सरदार परक्यालाच सापडतो.”

देवयानीने पहिल्या हेन्रीचा नंबर पोलिसांना कळवला. किल्ली दुसऱ्याच्या माणसाला द्यायची ठरली.

नळी निघाली, तशी नर्सने हॅरिएटसमोर देवयानी आणि दुसऱ्या हेन्रीचा व्हिडिओ कॉल धरला. तिने स्क्रीनवरच्या भाच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“हेन्री,” घोगरा आवाज आला, “हे दाढीचं जंगल कसलं?”

हेन्रीने दाढीवरून हात फिरवला. तो रडत होता.

“हॅरिएट, किल्ली याच्या माणसाला देऊ ना?” देवयानीने विचारलं.

“मुळीच नाही! कुणालाही द्यायची नाही. मी घरी येतेय.”