घर बघायला आलेला डोंगर

विष्णुपुरीच्या धरणावर मंजुश्री पाणी बघत उभी होती. अचानक मागून कुणीतरी तिच्यावर रेलले. वळून पाहते तर वासराएवढे कुत्रे.

"भिऊ नका. माणूस आवडलं की तो असाच रेलतो," दोरी धरलेला तरुण म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी... लांबच उभा राहतो."

तो सत्यम. घर लोह्याकडे, शेतकऱ्याचे, नोकरी नांदेडात. कुत्रा ग्रेट डेन जातीचा, नाव डोंगर. घरमालकाला तो नको होता, म्हणून सत्यम त्याच्यासाठी चांगले घर शोधत होता. मंजुश्रीच्या वडिलांना, उदगीरच्या गुरुपादप्पांना, आडत दुकानासाठी राखणीचा कुत्रा हवाच होता. दोघांचे फोन सुरू झाले.

"खातो किती?"

"तुम्ही बोलता तेवढं."

"मग उपाशीच राहत असंल."

"न्हाई हो... सध्या अपचन झालंय त्याला."

हळूहळू डोंगरविषयीचे बोलणे संपले, तरी फोन संपेना.

एका रविवारी सत्यम डोंगरला टेम्पोत घालून उदगीरला आला. लेकीसाठी सासर बघावे तसे त्याने घर बघितले. खाली दुकान, वर राहणे, मधे दगडी उभा जिना. पहिल्याच पायरीशी डोंगर धापा टाकत बसला.

"दूध-भाकरी घालू पोटभर," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ह्याला मटण लागतं. अंडी तरी लागतात."

अव्वाचा, मंजुश्रीच्या आईचा, पाणी देणारा हात थांबला. त्या लिंगायत घरात अंड्याने कधी उंबरा ओलांडला नव्हता.

"सवय लागंल," अप्पा हसले. "आमच्यात आला की आमच्यासारखा."

डोंगर इथे राहिला तर सत्यम येत राहील, हे मंजुश्रीला ठाऊक होते. हो म्हणणे किती सोपे होते...

"न्हाई अप्पा," ती म्हणाली. "रोज जेवायला वर चढून जिन्यानं ह्याची हाडं जातील. पोटाचे हाल होतील ते वेगळेच. एवढाले कुत्रे आधीच सात-आठ वर्षं जगतात. तेवढी तरी सुखात जाऊ द्या."

अप्पांनी धापा टाकणाऱ्या डोंगरकडे बघितले आणि होकाराची मान डोलावली. ते अव्वाबरोबर वर गेले.

"शेतावर नेतो ह्याला. आई सांभाळंल," सत्यम म्हणाला. "मी नांदेडला जाऊन-येऊन करीन." मग खाली बघत — "आता फोनला कारण उरलं न्हाई."

"कुत्र्याला विचारता येत न्हाई, म्हणून त्याच्या वतीनं मी न्हाई म्हणले. तुम्हाला विचारता येतं."

"विचारा की."

"आमच्या घरात मटण चालत न्हाई... जन्मभर जमंल?"

तो लगेच हो म्हणाला असता, तर तिचा विश्वास बसला नसता. डोंगरच्या मानेवरून त्याचा हात सावकाश फिरत राहिला.

"जड जाईल," तो म्हणाला. "पण तुम्ही असाल तर जमंल मला."

मंजुश्रीने पदर सावरला आणि जिन्यातून वर हाक दिली, "अव्वा, ह्यांचं पान वाढ."