छाटलेल्या वेलीचं पाणी

आमची चांदी दावं तोडून पळाली नसती, तर मिशनच्या द्राक्षबागेत मी कधी पाऊल टाकलं नसतं.

चैत्रातली दुपार होती. शेळीच्या गळ्यातली घंटा ऐकत कुंपणाच्या फटीतून मी आत शिरले आणि थबकलेच. शिडीवर उभा राहून एक तरुण मांडवावरच्या हिरव्यागार वेली सपासप कापत होता. खाली पानांचा ढीग साचला होता, आणि त्या ढिगात आमची चांदी, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी, मान खाली घालून जेवत होती.

"अहो, कशाला मारताय वेलीला?"

तो वळला. घामानं कपाळावर चिकटलेले केस, हातात कात्री. "मारून न्हाई राह्यलो. जगवून राह्यलो."

"मग ही रडते का?" कापलेल्या टोकांतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"घाव ताजा असला की गळतंच. मंग थांबतं, अन् शेजारच्या डोळ्यातून नवा कोंब फुटतो." तो खाली उतरला. "कुलकर्णी मास्तरांच्या रजनीबाई ना तुम्ही? शाळेत हे शिकवत न्हाईत वाटतं?"

"शाळेत शेळ्यांना दुसऱ्याचं खाऊ नये, हेही शिकवत नाहीत," मी म्हटलं आणि चांदीचा कान धरला. तो हसला. पानांचा हिरवा वास हाताला लागला होता... रात्री जेवताना माझं घासाकडे लक्षच नव्हतं.

त्याचं नाव धर्मराज. वडीगोद्रीकडचा. फ्रान्सहून आलेल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांच्या हाताखाली लहानपणापासून बागेत राबलेला. चांदी त्यानंतर फार वेळा सुटली. दावं मी जरा सैलच बांधत असे.

"माळी आहात तुम्ही?" एकदा मी विचारलं.

"माळी... अन् जरा जास्त. बाबा मला विन्येरों म्हणतात."

"म्हणजे?"

"त्यांच्या मुलखातला शब्द. द्राक्षाची वेल जो लावतो अन् तिचाच रस काढून जो मुरवतो, तो विन्येरों. नुसती बाग असली तर बाबा म्हणत न्हाईत. दुसऱ्याची द्राक्षं आणून वाइन केली, तरी न्हाई. दोन्ही हात एकाच माणसाचे पाहिजेत."

"म्हणजे माळीही तुम्हीच, कलालही तुम्हीच."

"बाबांच्या पूजेत वाइन लागते, तेवढ्यापुरता कलाल," तो म्हणाला. मग हळूच— "तुम्हाला चालंल?"

मी घंटेचा पट्टा उगाच नीट करत बसले.

फाल्गुनात पहिला घड उतरला, तेव्हा टोपलीभर द्राक्षं घेऊन तो मला मागणी घालायला आमच्या ओसरीवर आला. आदल्या दिवशी मी बजावलं होतं, "बागाईतदार म्हणा. एवढंच म्हणा. ते खोटं नाही."

माझ्या बाबांनी विचारलं, "आपण करता काय?"

त्यानं एकदा दाराआड उभ्या माझ्याकडे पाहिलं. "विन्येरों आहे मी," म्हणाला, आणि अर्थही सगळा सांगून टाकला. पिंप, मुरवण, बिलकुल काही न लपवता.

बाबांनी टोपली परत त्याच्यापुढे सरकवली. "दारू गाळणाऱ्याच्या घरी माझी मुलगी जाणार नाही."

त्याच्या त्या खरेपणाचा मला इतका राग आला... आणि त्या रागातच कळलं की आता दुसऱ्या कुणाचं होणं नाही.

त्या उन्हाळ्यात जालन्यात रझाकारांची धामधूम वाढली. शाळा बंद पडली. आमची बैलगाडी निजामाच्या हद्दीपलीकडे, देऊळगावराजाला निघाली. शेळी न्यायला गाडीत जागा नव्हती. मी चांदीला बागेच्या कुंपणाशी घेऊन गेले.

"तुम्हीही चला ना."

"पाद्रीबाबांना चालवत न्हाई. अन् दसऱ्यानंतर वेल छाटली न्हाई, तर फळ धरायचं न्हाई." त्यानं दावं हातात घेतलं. बोटाला बोट लागलं. "मास्तरांनी लेक न्हाई दिली, पण शेळी तर दिली."

हसता हसता माझे डोळे भरून आले.

पलीकडे पाऊस गेला, महिने गेले. जालन्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी पाणी द्यायच्या निमित्तानं गाठायची. मिशनच्या बागेचं कुणाला काही ठाऊक नसे. कुणी म्हणे, तिकडं आता माणूस न्हाई. कुठं घंटा वाजली की मी वळून पाहायची. दुसऱ्यांच्याच शेळ्या...

दसरा झाला. निजामाचं राज्य संपलं होतं. आमची गाडी परत निघाली. वाटेत मी माझ्या बाबांना एकच वाक्य सांगितलं. ते दोन गावं ओलांडेपर्यंत बैलांनाच हाकत राहिले.

जालन्याला पोचताच मी बागेकडे धावले. फाटक मोडलेलं होतं. पाद्रीबाबांच्या घराला कुलूप. आणि मांडव... उघडाबोडका. एक पान नाही, चिटपाखरू नाही. पुढे होऊन वेलीची एक काडी धरली, तर तळवा ओला झाला.

पाणी. टोकाटोकातून ठिबकणारं पाणी.

घाव आजचा होता.

"विन्येरों!" मी ओरडले. "ओ विन्येरों!"

विहिरीमागून घंटा वाजली. आधी चांदी आली, आणि मागून कात्री घेतलेला तो. वाळलेला, दाढी वाढलेला.

"पाद्रीबाबा गेले श्रावणात," तो म्हणाला. "तो शब्द पुन्हा कुणाच्या तोंडी येईल, असं वाटलं नव्हतं. माझं नाव विसरलात?"

"विसरेन कशी?" मी ओला तळवा पदराला पुसला नाही. "पण... नवऱ्याचं नाव कुणी घेतं का?"

त्याच्या हातातली कात्री खाली पडली. मग अगदी हळू त्यानं विचारलं, "अन् मास्तर?"

"म्हणाले, लग्नात द्राक्षं आणायला सांग. पिंप घरीच ठेव म्हणावं."