राधेची चोळी उसवली तेव्हा

एसटीतून उतरून मी देवळामागच्या पायवाटेनं निघाले होते, कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला ओढणी गुंडाळून. तर समोर राधा उभी! हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, नुकतीच मिशी काढलेला ओठ... आणि पाठीवरची चोळी सताड उघडी.

"अवो, जरा हात लावा ना," राधा खणखणीत पुरुषी आवाजात म्हणाली. "गेल्या शिमग्याला बसत होती. यंदा हुकं नि काजं एकमेकांचं तोंड बघत नायत."

आमच्या गुहागरकडे शिमग्यात पालखीबरोबर नाचगाणं करणारे खेळे निघतात, आणि त्यांतली राधा म्हणजे साडी नेसलेला पुरुषच असतो. पण एवढी देखणी राधा मी पाहिली नव्हती. जरा जास्तच वेळ बघत राहिले, हे खरं.

पर्समधून सेफ्टी पिना काढल्या. बगलेखालची शिवण थोडी उसवली, पाठीवर ओळीनं पिना लावल्या, वरून पदर टाकला.

"सराईत हाय हात," तो म्हणाला. "शिंपीण काय तुमी?"

"मॉडेल आहे. आमच्याकडे समोरून रुबाब, पाठीमागे सगळ्यांच्याच पिना."

तो गर्रकन वळला. "म्हणजे... वरच्या वाडीतली सानवी? ती जाहिरातीतली?"

ओढणी उगाचच गुंडाळली होती म्हणायची.

"मी गुरुप्रसाद. खालच्या वाडीत आमची नारळ-सुपारीची बाग. राधा फक्त शिमग्यापुरती." मग डोळे बारीक करून म्हणाला, "आता ओळख ठेवा हां... एवढ्या जवळून माझी पाठ बघितलेली तुमी पहिलीच."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

गेल्या वर्षी एका वेबसाइटनं माझा फोटो टाकून वर लिहिलं होतं — 'हाडांचा सापळा! पोरींनी हिच्याकडून काय शिकायचं?' ते वाचून मी नीट जेवायला लागले, अगदी मनापासून. यंदा त्याच वेबसाइटनं माझा नवा फोटो टाकला — 'सुटली! आता घरीच बसा.' पाठोपाठ एजन्सीचा निरोप. मुंबईच्या मोठ्या शोला यायचं तर वजन उतरव, नाहीतर दुसरी बघतो; शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग. मला माझं काम जीव की प्राण आहे. पण पुन्हा उपाशी राहायचं माझ्यानं होणार नव्हतं. म्हणून गाव गाठलं होतं.

पालखी रोज एका वाडीत फिरायची, आणि रोज सकाळी राधा पाठ करून माझ्यापुढे उभी राहायची. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. एके सकाळी मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. त्याच वेबसाइटवर त्याचा व्हिडिओ होता — 'भारदस्त राधेचा डौल!'

"वाच! माझं वजन जरा वाढलं तर मी सुटले. आणि तुझं हे पोट भारदस्त?"

त्यानं पोटावरून मायेनं हात फिरवला. पण हसला नाही. "मी नाचतो कसा, ते बघतात लोकं. तुजं पन तसंच बघायला हवं ना गो? तुजं चालणं बघितलंय मी मोबाइलवर... कितीदा ते इचारू नको. वाटतं, ही जिथं चाललीय तिथं आपण पन जावं."

मी पिनेनं स्वतःचंच बोट टोचून घेतलं.

शुक्रवारी पालखी आमच्या अंगणात आली. आमच्याकडे रीत अशी, की घरच्यांनी मनातलं मागणं गावचा मान असलेल्या गावकर आप्पांच्या कानात सांगायचं, मग ते देवापुढे मोठ्यानं गाऱ्हाणं घालतात. आई माझ्या लग्नाचं सांगायला पदर सावरत पुढे होणार, तोच मी आप्पांच्या कानाशी लागले.

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा! ही तुजी लेक सानवी. हिला काल बारीक म्हणून बोलले, आज जाडी म्हणून बोलतात..."

"व्हय महाराजा!" अंगण गरजलं.

"ज्यांना हिचं काम दिसत नाय, नुसतं हाडमांस दिसतं, त्यांना डोळे दे!"

"व्हय महाराजा!"

"आनि हिच्या पानातला घास नि पायातलं बळ, दोन्ही राख रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज राधेचा होता, अगदी बेंबीच्या देठापासून. आणि त्या दणक्यानं पाठीवरच्या पिना ताडताड उडाल्या!

हसून हसून माणसं वाकली. "राधा खात्यापित्या घरची हाय!" आप्पा ओरडले, "नाचू द्या!" ढोल घुमला. गुरुप्रसादनं पदर कमरेला खोचला आणि उघड्या पाठीनं असा काही नाचला, की थोड्याच वेळात ती पाठ कुणाच्या लक्षातही राहिली नाही. किती सुंदर नाचत होता तो! मला तो फार फार आवडला. डोळे भरून आले, आणि तशाच डोळ्यांनी मी एजन्सीला लिहिलं — 'वजन उतरवणार नाही. कपडे माझ्या मापाचे करा. मी येते.'

मग उत्तर आलं — 'माप पाठव.'

पालखी पुढच्या घराकडे निघाली. आईसुद्धा तिच्यामागे गेली. राधा मात्र तुळशीपाशी रेंगाळली, घामानं कुंकू ओघळलेली.

"जाणार मग मुंबईला?"

"जाणार. त्याआधी तुला नवी चोळी शिवून देते. ऐसपैस."

"नको. तिला पिना लागायच्या नायत... मग तू कशाला येशील?"

मी अंगणात पडलेली एक पिन उचलून त्याच्या पदराला लावली.

"माजं एक गाऱ्हाणं राहिलंय," तो हळूच म्हणाला. "आप्पा तर गेले. मीच घालू?"

"घाल."

त्यानं हात जोडले, तशा बांगड्या किणकिणल्या. बघत मात्र होता माझ्याकडे. "बा देवा महाराजा... हिला जगभर चालू दे. पन फिरून फिरून... माज्या अंगणात येऊ दे."

उत्तर द्यायला तिथं दुसरं कुणीच नव्हतं.

"व्हय महाराजा," मी म्हणाले.