धावपट्टी बंद हाय

क्रांतीनं यशराजला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो धावपट्टीच्या मधोमध उभा राहून एका म्हशीची समजूत घालत होता.

कोल्हापूरजवळ राधानगरी रस्त्याला उदयसिंह नावाच्या उद्योजकाची ही खाजगी धावपट्टी. दिवसाकाठी एखादं लहान विमान यायचं. ते सुखरूप टेकावं म्हणून पट्टी मोकळी आणि धड ठेवणं, ही शाहूपुरीतल्या क्रांतीची नोकरी. विमान यायला जेमतेम दहा मिनिटं होती. ती जीपमधून उतरली.

"अहो पावणं, ही चरायची जागा हाय व्हय?"

"मला कळतंय की," तो शांतपणे म्हणाला. "हिला पटंना झालंय."

हसू यायला नको होतं... पण आलं.

म्हैस एकदाची हलली, विमान उतरलं. क्रांतीनं कुंपण पाहिलं तर तारेत भलंमोठं भगदाड. दुसऱ्या दिवशी ते बुजवायला कंपनीचा माणूस यायच्या आधीच यशराज बाभळीचे खांब घेऊन हजर. त्याची भातखाचरं कुंपणाला लागूनच होती.

त्यानंतर रोज सकाळी ती धावपट्टीवरचे खडे वेचत चालायची, आणि कुंपणापलीकडं बांधावरनं तोही चालायचा.

"एवढ्या बारक्या खड्यानं काय हुतंय?"

"विमानाच्या पंख्यावर उडाला, तर पातं तुटतंय."

"आणि तुमच्या पायात रुतला तर?"

ती वाकून पुढचा खडा वेचू लागली. पण त्या दिवसापासून तिला पट्टीच्या टोकाला पोचायला दहा मिनिटं जास्त लागू लागली.

श्रावणात तीन दिवस पाऊस हटला नाही. चौथ्या दिवशी दुपारी उघडीप मिळाली, आणि उदयसिंह म्हाताऱ्या आईला घेऊन पुण्याहून निघाल्याचा निरोप आला. क्रांतीनं फेरी मारली. डांबर स्वच्छ होतं, पाणी ओसरलं होतं. विमानाची घरघर ऐकू येऊ लागली, तोच यशराज चिखलानं माखलेला, धापा टाकत आला.

"उतरू देऊ नका. त्या टोकाखालनं पाणी जायची मोरी तुंबलीया. माझ्या खाचरात नुसती तांबडी माती याय लागलीया... ती तुमच्या डांबराखालचीच हाय."

मालकाला घ्यायला आलेला धावपट्टीचा मॅनेजर वैतागला. "वरनं सगळं धड दिसतंय. ह्याच्या सांगण्यावरनं मालकाला माघारी धाडणार? नोकरी जाईल तुमची."

क्रांतीनं यशराजकडं पाहिलं. हा माणूस म्हशीशीसुद्धा खोटं बोलला नसता. तिनं रेडिओ उचलला.

"धावपट्टी बंद आहे. कोल्हापूर विमानतळावर उतरा."

विमान डोक्यावरनं निघून गेलं.

तासाभरात उदयसिंह गाडीनं आले, संतापलेले. क्रांतीनं त्यांना टोकाला नेलं, पहार मागवली आणि डांबरावर हाणली. दुसऱ्याच घावाला डांबर फुटलं, पहार हातातनं निसटून आत गेली, आणि खाली कुठंतरी पाणी वाजलं.

उदयसिंह त्या भोकाकडं बघत राहिले. "आई होती विमानात," एवढंच म्हणाले. यशराजला त्यांनी हात जोडले. मग मॅनेजरकडं वळले. "हिला विचारल्याशिवाय हितं चिमणीपण उतरवायची न्हाय."

सगळे गेले. दोघंच उरली.

"विमान तुमचं न्हाय, पट्टी तुमची न्हाय," क्रांती म्हणाली. "एवढं जीव तोडून का पळालात?"

तो पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिला. "विमान पडलं असतं, तर सगळ्यांत आधी तुम्ही पळाला असता तिकडं... आगीतसुद्धा. मला तेवढंच दिसत हुतं."

भुरभुर पुन्हा सुरू झाली होती, पण आडोशाला जायचं दोघांनाही सुचलं नाही.

"आता दुरुस्तीला तीन महिने जातील," ती अखेर म्हणाली.

"म्हंजे... सकाळचं येणार न्हाय तुम्ही?"

"पट्टीच बंद, तर येऊन काय करू?"

त्याचा चेहरा असा उतरला, की तिला राहवेना.

"रविवारी शाहूपुरीत या. आमच्या बाबांचं बेअरिंगचं दुकान हाय. कुणीबी दाखवंल."

"माझ्याकडं कुठलं मशीन? काय घ्यायला येऊ?"

क्रांतीनं ओली बट कानामागं सारली.

"घ्यायला न्हाय," ती म्हणाली, "मागायला या. आणि एकटं नको—घरच्यांना घेऊन."

तो 'व्हय' म्हणाला. पण इतकं हळू, की तिनं त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.